अप्रीतीचा खटला: १९०८ चे दोन अग्रलेख आणि त्यांचा सूर ऐकणारे कान

राजकीय लेखनाचा सूर ज्याच्या त्याच्या कानावर अवलंबून असतो, असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. जुलै १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला तो सोडता आला नाही. १३ ते २२ जुलै या दिवसांत एक न्यायमूर्ती, नऊ जणांची ज्यूरी, सरकारी वकील, कोर्टाचा भाषांतरकार आणि स्वतःचा बचाव स्वतःच करणारा एक संपादक, असे सगळे एकाच प्रश्नाभोवती बसले होते: ‘केसरी’च्या दोन अग्रलेखांत लिहिणाऱ्याचा भाव कोणता आहे? आरोपी होते बाळ गंगाधर टिळक. दोन्ही लेखांवर दंडसंहितेचे राजद्रोहाचे कलम १२४अ, आणि दुसऱ्या लेखावर शिवाय समाजगटांत वैर पसरवण्याविषयीचे १५३अ.

स्वातंत्र्यलढ्यातला तेजस्वी प्रसंग म्हणून हा खटला आपल्या ओळखीचा आहे. मला तो आणखी एका कारणासाठी मोलाचा वाटतो. मराठी राजकीय गद्याच्या सुराची इतकी बारीक, शब्दाला शब्द लावून केलेली तपासणी क्वचितच झाली असेल. ती शिक्षा देण्यासाठी झाली, हे विसरायचे नाही. पण तिथे निघालेले प्रश्न दोन राजकीय लेखकांची तुलना करायला बसलेल्या कोणालाही टाळता येत नाहीत.

आधी कायद्याकडे पाहू, कारण या प्रकरणात कायदाच सुराविषयी बोलतो. १२४अ हे कलम सरकारविषयी ‘अप्रीती’ उत्पन्न करण्याला गुन्हा ठरवत होते. अप्रीती म्हणजे काय? १८९७ मध्ये टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की अप्रीती म्हणजे सरळ प्रीतीचा अभाव, आणि द्वेष, वैर, नावड, तिरस्कार अशी वाईट भावनेची सगळी रूपे त्यात येतात. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातल्या ‘प्रतोद’ या वृत्तपत्राचा खटला उच्च न्यायालयापुढे आला. त्या पीठावर महादेव गोविंद रानडे होते. त्यांचे म्हणणे वेगळे पडले: अप्रीती म्हणजे प्रीतीची नुसती उणीव नव्हे, तर मनात उभी राहिलेली, बेइमानीच्या जवळ जाणारी तिटकाऱ्याची भावना.

हा फरक मराठी माणसाला व्याकरणातूनच कळतो. ‘अन्याय’ म्हणजे न्यायाची गैरहजेरी नव्हे. न्याय गैरहजर असलेल्या कितीतरी जागा असतात आणि तिथे कोणावर अन्याय होत नसतो. ‘अनोळखी’मधला नकार मात्र निव्वळ उणिवेचा आहे. एकच उपसर्ग एकदा रिकामी जागा दाखवतो आणि एकदा उलट दिशेने चालणारी गोष्ट दाखवतो. स्ट्रॅचींनी अप्रीतीला ‘अनोळखी’सारखे वाचले, रानड्यांनी ‘अन्याया’सारखे. सरकारवर प्रेम न करणारे लेखन आणि सरकारविरुद्ध पेटवणारे लेखन यांतले अंतर या दोन वाचनांमध्ये मावते. १८९८ मध्ये कलम बदलले, त्यात द्वेष आणि तिरस्कार हे शब्द आले, आणि सरकारच्या कृतींविषयी नापसंती व्यक्त करणे हा गुन्हा नाही, अशी स्पष्टीकरणेही जोडली गेली. अट एवढीच की ती नापसंती द्वेष किंवा अप्रीती चेतवणारी नसावी. म्हणजे लेखक काय म्हणतो याला मुभा होती, कोणत्या सुरात म्हणतो याला नव्हती.

आता प्रसंग. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी एका गाडीवर बाँब टाकला. रोख न्यायाधीश किंग्जफर्ड यांच्यावर होता. गाडीत होत्या केनेडी मायलेकी, आणि त्या गेल्या. १२ मेच्या ‘केसरी’त ‘देशाचे दुर्दैव’ हा अग्रलेख आला. ८ जूनला सरकारने दोन कायदे एकाच दिवशी मंजूर केले, एक स्फोटक द्रव्यांचा आणि दुसरा वृत्तपत्रांना आवरणारा. दुसऱ्या दिवशी, ९ जूनला ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा अग्रलेख छापून आला. २४ जूनला टिळकांना मुंबईत सरदारगृहात अटक झाली.

मथळ्यांपासून सुरुवात करतो, कारण अग्रलेखाचा सूर तिथेच लागतो. १८९७ मध्ये रँडच्या खुनानंतर सरकारने पुण्यावर दडपण आणले, तेव्हाचा मथळा सगळ्यांना पाठ आहे: ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा स्वर आहे. ओसरीवरून कोणी हे वाक्य म्हटले तरी खपेल. त्यात सरकारला पदावरून खाली ओढून समोर बसवले आहे आणि त्याला हिशेब विचारला आहे. हा मथळा इतका गाजला की १८९७ चा खटला याच अग्रलेखावर झाला, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात आरोप होता १५ जून १८९७ च्या अंकातल्या मजकुरावर, शिवाजी उत्सवाच्या वृत्तांतावर आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेल्या एका कवितेवर. सर्वांत मोठा आवाज आरोपपत्रात नव्हता. सरकारी वाचकाला धोका जाणवला तो इतिहासाच्या आडून आलेल्या शांत मजकुरात. लेखकांच्या सुराची तुलना करताना चढ्या आवाजालाच आपण कडवेपणा समजतो. ती चूक १८९७ च्या सरकारने केली नाही.

१९०८ चे मथळे ओसरीवरचे नाहीत. ‘देशाचे दुर्दैव’ हा शोकाचा मथळा आहे आणि त्यात सरकारचे नावच नाही. ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे कोणी वैद्य म्हणेल किंवा धरण बांधणारा म्हणेल असे वाक्य आहे, रागाचा लवलेश नसलेले. अकरा वर्षांत ‘केसरी’ने आवाज खाली आणला होता आणि म्हणणे मात्र वाढवले होते.

‘देशाचे दुर्दैव’ची बांधणी पाहण्यासारखी आहे. स्वभावाने सौम्य आणि शांतताप्रिय अशा या देशाला युरोपातल्या रशियाची अवस्था येऊ लागली, हे पाहून कोणालाही वाईट वाटेल, असे म्हणून लेख सुरू होतो. दोन निरपराध गोऱ्या स्त्रियांचा जीव गेला, याची खंत लगेच येते. मग लेख वळतो आणि कारणे सांगू लागतो. वंगभंग, अर्ज-विनंत्यांची झालेली उपेक्षा, अधिकाऱ्यांची मनमानी, यांतून माणसे निराश होतात आणि निराशेतून असे प्रकार घडतात. हे थांबवायचे तर लोकांना राज्यकारभारात हक्क दिले पाहिजेत, इथे लेख पोचतो.

सरकार पक्षाने पहिल्या भागाला पांघरूण म्हटले आणि दुसऱ्याला खरा चेहरा. टिळकांनी दुसऱ्याला ताकीद म्हटले, आणि ताकीद देणे हे पत्रकर्त्याचे कामच आहे, असा युक्तिवाद केला. मी हा लेख मोठ्याने वाचून पाहिला. डोळ्यांनी वाचताना निसटणारी एक गोष्ट कानाला सापडते: खेदाची वाक्ये आणि कारणांची वाक्ये एकाच लयीत चालतात. पांघरूण म्हणून लिहिलेली वाक्ये सहसा घाईने उरकलेली असतात, किंवा गरजेपेक्षा जास्त भरजरी असतात. इथे तसे नाही. मला टिळकांचे म्हणणे पटते.

पण कारण सांगणे आणि समर्थन करणे यांत मराठी वाक्य फार पातळ भिंत ठेवते. ‘लोक चिडले’ असे लिहा, ‘लोकांना चिडवले’ असे लिहा, ‘लोकांना चीड येणे साहजिक आहे’ असे लिहा, घटना तीच राहते. पहिल्यात कर्ता लोक आहेत, दुसऱ्यात कर्ता कोणी अदृश्य माणूस आहे आणि वाचक त्याला लगेच ओळखतो, तिसऱ्यात कर्ताच उरत नाही, उरतो निसर्गाचा नियम. या तिसऱ्या तऱ्हेची वाक्ये १९०८ च्या ‘केसरी’चा खरा सूर आहेत. पाणी तापले की वाफ होते, तसे दडपले की स्फोट होतो. लेखक बाजूला उभा राहून नियम वाचून दाखवतो. हा सूर ज्याला नापसंतीचा वाटला त्याला तो कायदेशीर वाटला. ज्याला त्यात ‘मग झाले ते बरे झाले’ असे ऐकू आले, त्याला तो राजद्रोह वाटला.

९ जूनच्या लेखाविषयी मात्र मी इतक्या खात्रीने बोलणार नाही. दडपशाहीचे भूत दर पाच-दहा वर्षांनी सरकारच्या अंगात संचारते, अशी त्याची सुरुवात आहे, आणि भुताची उपमा फार नेमकी आहे. अंगात आलेल्याला गुन्हेगार म्हणत नाहीत, त्याचे भूत उतरवतात. पुढे बाँबविषयी लिहिताना लेख म्हणतो की ही बंदुका-तोफांसारखी वस्तू नाही, तिचे रूप ज्ञानासारखे आहे, ती एक जादू आहे, मंतरलेल्या ताइतासारखी गोष्ट आहे, आणि कायद्याने ती अडवता येणार नाही. युक्तिवाद म्हणून हे निर्दोष आहे, ज्ञानावर बंदी चालत नाही एवढेच तो सांगतो. पण जादू आणि ताईत हे शब्द निव्वळ युक्तिवादाचे नाहीत. त्यांच्यात कुतूहल आहे, आणि किंचित भुरळ आहे. १२ मेच्या लेखातला शोक इथे पातळ झाला आहे. महिन्याभरात एकाच पत्राचा एकाच विषयाकडे पाहण्याचा भाव असा सरकला, तर ‘केसरी’चा सूर अमुक होता असे एका वाक्यात सांगणे अप्रामाणिक ठरेल.

या लेखांमागे टिळकांचे ‘केसरी’तले सहकारी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचा हात होता, असे मराठीत पुष्कळदा सांगितले जाते. अग्रलेखांवर नाव नसे. टिळकांनी कोर्टात संपादक म्हणून पूर्ण जबाबदारी घेतली. तुलना करणाऱ्याला यातून एक अडचण येते: आपण टिळकांचा सूर ऐकतो आहोत की एका पत्राचा, ज्यात लिहिणारा आपला आवाज पत्राच्या आवाजात मिसळून टाकतो? मला वाटते, निनावी अग्रलेखाची तुलना व्यक्तीशी न करता पत्राशीच करावी.

खटल्यातला सर्वांत अवघड भाग भाषांतराचा होता. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. त्यांच्यापुढे होते सरकारी इंग्रजी भाषांतर. टिळकांनी कोर्टाच्या भाषांतरकाराची उलटतपासणी केली आणि एकेक शब्द धरून दाखवले की इंग्रजी मराठीपेक्षा तिखट झाले आहे. मराठीची राजकीय परिभाषा अजून घडते आहे, इंग्रजी राजकीय कल्पनांसाठी आपण हाताशी असलेले मराठी शब्द वापरतो, आणि तेच शब्द पुन्हा इंग्रजीत नेताना भलताच रंग चढतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

माझ्या परीने एक उदाहरण देतो. मराठीत ‘सरकार’ म्हणजे कोण? राजा सरकार, व्हाइसरॉय सरकार, कलेक्टर सरकार, आणि बोलताना जमीनदारही सरकार. ‘सरकारला अक्कल नाही’ या वाक्याचा नेम यांपैकी कोणावर आहे, हे संदर्भच सांगतो. इंग्रजीत गेल्यावर त्यातून कायद्याने स्थापित झालेली राज्यसंस्थाच तेवढी उरते, आणि कलम नेमके तिच्याचविषयी बोलत असते. आपली टीका नोकरशाहीवर आहे, राज्यावर नाही, हा टिळकांचा भेद मराठी वाचकाला वाचता वाचता कळत होता. ज्यूरीला तो तासन्तास समजावून सांगावा लागला. टिळकांचे भाषण एकवीस तासांवर चालले, ते काही हौसेने लांबले नव्हते.

हे लेख कोणाला उत्तर म्हणून लिहिले, हेही टिळकांनी पुढे आणले. मुझफ्फरपूरनंतर अँग्लो-इंडियन, म्हणजे इथल्या इंग्रजांच्या, पत्रांनी बाँबचा दोष देशी पत्रांवर आणि राष्ट्रीय चळवळीवर टाकला होता. ते उतारे कोर्टात दाखल झाले. भांडणातले एकाचेच बोलणे ऐकले तर तो आक्रस्ताळा वाटतो. समोरच्याचे ऐकल्यावर कळते की तो उत्तर देत होता. उलट सरकार पक्षाने टिळकांच्या घरी सापडलेले एक कार्ड पुढे केले, त्यावर स्फोटकांवरच्या पुस्तकांची नावे होती. नव्या कायद्यातल्या व्याख्येवर टीका करण्यासाठी ती टिपली, असे टिळकांनी सांगितले. दोन्ही पक्ष लेखाचा भाव लेखाबाहेर शोधत होते, एक वादात आणि एक टेबलाच्या खणात.

त्याच महिन्यात दुसऱ्या एका मराठी संपादकाला शिक्षा झाली, आणि त्याच्याशी तुलना केल्याशिवाय हे प्रकरण पुरे होत नाही. शिवराम महादेव परांजपे. त्यांच्याच खटल्याच्या कामासाठी टिळक मुंबईत आले होते. १८९८ मध्ये सुरू झालेल्या परांजप्यांच्या ‘काळ’ची ओळख म्हणजे वक्रोक्ती. ज्याचा निषेध करायचा त्याची ते स्तुती करत, ज्याला नाकारायचे त्याला आधी भरभरून मान देत, आणि वाचकाला मधली फट स्वतः ओलांडायला लावत. त्यांना १९ महिन्यांची शिक्षा झाली.

टिळक वाचकाशेजारी बसून सरकारकडे बोट दाखवतात. परांजपे सरकारसमोर वाकून नमस्कार करतात आणि वाचकाकडे पाहतात. टिळकांच्या वाक्यात म्हणणे वाक्याच्या आत असते. परांजप्यांच्या वाक्यात ते वाक्य आणि वाचक यांच्या मध्ये तयार होते, म्हणून वाचकाला ते आपणच शोधल्यासारखे वाटते. चेतवण्याची ताकद मला परांजप्यांत जास्त दिसते. वृत्तीतही फरक आहे. टिळकांना, चिडलेले असतानाही, समोरच्याने ऐकावे असे वाटते. म्हणून तर उपाय टिकाऊ नाहीत हे ते त्याला सांगतात. परांजप्यांनी समोरच्याला पटवण्याची आशा सोडलेली आहे. कोर्टाने मात्र वक्रोक्तीला १९ महिने दिले आणि सरळ बोलण्याला सहा वर्षे. यात सुरापेक्षा माणसाच्या वजनाचा हिशेब होता, हे उघड आहे.

२२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन अशा मतांनी टिळक दोषी ठरले. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी शिक्षा सुनावताना म्हटले की हे लेख राजद्रोहाने खदखदत आहेत, आणि असे लेख म्हणजे राजकीय चळवळीचे रास्त हत्यार असे म्हणणारे मन रोगट आणि विकृतच असले पाहिजे. बाँब हिंदुस्थानच्या भल्यासाठीच आल्यासारखे तुम्ही त्याचे स्वागत करता, हाही ठपका होता. हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. सहा वर्षे काळे पाणी आणि १,००० रुपये दंड.

९ जूनच्या लेखातली जी भुरळ मला जाणवली, ती दावरांनाही जाणवली असणार. पण त्यांनी तिला नाव दिले ते रोगाचे, आणि तिथेच त्यांचे वाचन थांबले. एकदा लिहिणाऱ्याचे मन विकृत ठरले, की १२ मेचा शोक, ९ जूनचे कुतूहल, अँग्लो-इंडियन पत्रांना दिलेले उत्तर, सगळे एकाच रोगाची लक्षणे होतात. दोन लेखांत भेद उरत नाही. एखाद्या लेखकाविषयी आपले मत पक्के झाल्यावर आपणही त्याचे लेख असेच वाचू लागतो, आणि तेव्हा आपण दावरांच्याच खुर्चीत बसलेलो असतो.

आठ वर्षांनी वेगळे वाचन घडले. १९१६ मध्ये बेळगाव आणि अहमदनगर इथल्या स्वराज्यावरच्या भाषणांबद्दल टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून २०,००० रुपयांचा मुचलका आणि प्रत्येकी १०,००० चे दोन जामीन मागितले गेले. उच्च न्यायालयात महंमद अली जिना त्यांच्या बाजूने उभे राहिले. न्यायमूर्ती बॅचलर यांनी सुटे शब्द वेचण्याऐवजी भाषणे सबंध वाचली, त्यांचा एकूण परिणाम काय होतो ते पाहिले, आणि हुकूम रद्द केला. भाषणे मराठी होती आणि न्यायमूर्ती याही वेळी भाषांतरच वाचत होते. म्हणजे १९०८ चा सगळा दोष भाषांतरावर टाकता येत नाही.

आणि मग १८ मार्च १९२२, अहमदाबाद. तेच कलम १२४अ, ‘यंग इंडिया’तले तीन लेख, आरोपी मोहनदास करमचंद गांधी. त्यांनी गुन्हा कबूल केला. प्रीती कायद्याने निर्माण करता येत नाही, आणि हिंसेला चिथावणी नसेल तर अप्रीती पुरेपूर व्यक्त करण्याची मोकळीक माणसाला असली पाहिजे, असे ते म्हणाले. सध्याच्या राज्यपद्धतीविषयी अप्रीती पसरवणे हा आपला जवळजवळ ध्यासच झाला आहे, हेही सांगितले. स्ट्रॅची आणि रानडे ज्या शब्दाच्या अर्थावर वेगळे झाले, ज्याच्यापासून स्वतःला सोडवण्यासाठी टिळक एकवीस तास बोलले, तो शब्द गांधींनी सरळ अंगावर घेतला. टिळकांच्या नावाशी आपले नाव जोडले जाते, हा आपला बहुमान आहे, असे ते म्हणाले. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्याच शिक्षेचा दाखला देऊन सहा वर्षांची शिक्षा दिली, आणि पुढे सरकारला ती कमी करता आली तर माझ्याइतका आनंद कोणालाच होणार नाही, असे जोडले. लेख मुळात इंग्रजीत होते, त्यामुळे भाषांतराचा प्रश्नच आला नाही, आणि सत्र न्यायालयातले काम एका दिवसात आटोपले.